एका हातात दोन घड्याळं

आमच्या धुलाई कारखान्यात त्या घड्याळाला सगळ्या जणी नणंद म्हणायच्या. नाव मीच ठेवलं होतं. स्वतः कामाला हात लावायचा नाही, दिवसभर आपल्याला चिकटून बसायचं, आणि आपण घटकाभर टेकलो की वर जाऊन सांगायचं, त्याला दुसरं काय म्हणणार? माझ्या खऱ्या नणंदेच्या कानावर हे गेलं असतं तर तिने वर्षभर अबोला धरला असता. तेवढीच घरात शांतता.

घड्याळ काळं, चौकोनी, रबरी पट्ट्याचं होतं. वेळ बघायची तर दोनदा बोट दाबावं लागे, बाकी सगळं त्याला आपणहून कळायचं. हात किती हलला, किती वेळ थांबला, नाडी किती पडते. चार मिनिटं हात हलला नाही की ते मनगटावर गुरगुरायचं, आणि काचेच्या खोलीतल्या पडद्यावर आपला हिरवा ठिपका लाल व्हायचा. दिवसात तीन लाल ठिपके म्हणजे उद्या घरी. असं तीनदा घरी बसलं की कायमचं घरी. नाडीचं मात्र आमच्याच भल्यासाठी होतं म्हणे. दोन उन्हाळ्यांपूर्वी इस्त्रीच्या रुळांपाशी एक बाई चक्कर येऊन पडली होती, तेव्हापासून मालकांना आमच्या हृदयाची काळजी लागली होती.

पट्टा आवळून बांधावा लागायचा. जरा सैल झाला की 'हातावर नाही' असं उमटायचं आणि तोही ठिपका लालच. खाली वाफ, साबण आणि घाम. पहिल्या महिन्यात कातडी लाल झाली, दुसऱ्यात पुरळ उठलं, तिसऱ्यात उकडलेल्या बटाट्यासारखी साल सुटायला लागली. सगळ्यांचीच. जेवायच्या सुट्टीत आम्ही एकमेकींची मनगटं बघायचो आणि कुणाचं जास्त वाईट यावर हसायचो. आमच्या नशिबात 'नाकापेक्षा मोती जड' एवढाच दागिना होता.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या दिराची बायको. आम्ही खालच्या मजल्यावर, ती दोघं वर. आणि आम्ही दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण विचाराल तर मिक्सरचं भांडं. माझं भांडं तिने नेलं, चिरलेलं परत आणलं, मी बोलले, तिने तोंड फिरवलं, संपलं. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघी भिंतीचा रंग बघायचो.

ती कारखान्यात लागली तेव्हा मुकादमाला हे काही ठाऊक नव्हतं. त्याला आम्ही शिट्टी म्हणायचो, कारण तो दातांतून शिट्टी वाजवत फिरायचा. त्याने तिला माझ्याच टेबलावर आणून उभी केली. आमच्याकडे सात दवाखान्यांच्या चादरी येत. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, मग समोरासमोर चालत यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. दिवसातून चारशे वेळा समोरासमोर यायचं आणि हाताला हात लावायचा. अशात अबोला किती टिकणार? आमचा अडीच दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी टोकं देताना ती म्हणाली, "वहिनी, ते भांडं मी फोडलं नव्हतं. आधीच चिरलेलं होतं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. मग इतकी हसली की चादर खाली पडली आणि परत धुवायला टाकावी लागली. त्या दिवसापासून ती माझी झाली. मला सख्खी बहीण नाही. असती तरी एवढी जवळची झाली नसती, हे मी आज तोंडाने कबूल करते. तेव्हा तिला एकदाही म्हटलं नाही.

सहा-सात महिने बरे गेले. मग तिला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, नंतर ट्रॉली ढकलताना, आणि पुढे तर नुसती चादर झटकली तरी. ओठ फिकट पडायचे. "काही नाही हो, वाफेने होतं," म्हणायची आणि टेबलाची कड धरून उभी राहायची. ती कड धरून उभी राहिली की चार मिनिटांत नणंद गुरगुरायचीच.

एके दिवशी बाराच्या आत तिचे दोन लाल ठिपके झाले. आधीच ती दोनदा घरी बसून आलेली. जेवणं झाल्यावरही ती टेबलाची कड धरूनच होती. आता तिसरा ठिपका पडला की खेळ खलास.

मी म्हटलं, "काढ ते घड्याळ. आण इकडे."

घड्याळाला फसवायचे प्रयत्न आधी झाले होते. एकीने ते वाळवणीच्या फिरत्या पिंपाला बांधलं होतं. हात भरपूर हलला, पण नाडी लागेना. त्याच संध्याकाळी तिला काढून टाकलं. नणंदेला जिवंत मनगट लागायचं. कुणाचं, ते मात्र तिला कळत नव्हतं.

मी तिचं घड्याळ माझ्याच डाव्या हातात चढवलं, माझ्या घड्याळाच्या वर चार बोटं. उजव्या हातात घालून चालणार नव्हतं. उजव्या हाताची बाही मी कामात दुमडायचे, शिट्टीला दिसलं असतं. डाव्या बाहीखाली दोन्ही झाकली जात. वरचं घड्याळ घसरून खालच्यावर आपटू नये म्हणून त्याचा पट्टा आणखी दोन भोकं आत घेतला. धाकटी कपड्यांच्या उंच ट्रॉल्यांमागे धुतलेल्या ब्लँकेटांवर जाऊन पडली. चादरींना दोघी लागतात, म्हणून मी उशांचे अभ्रे आणि टॉवेल त्या वेळेसाठी राखून ठेवले. ते एकटीने होतं. पडद्यावर आमचे दोन्ही ठिपके हिरवे, शेजारी-शेजारी, एका तालात. शिट्टी जाता-जाता म्हणाला, "काय जुळ्या आहात की काय?"

पंधरा मिनिटांनी ती उठून आली. गालावर ब्लँकेटची शिवण उमटली होती. "जीव आला," म्हणाली.

पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाचा तास. पुढे-पुढे रोज जेवणानंतर चहाच्या घंटेपर्यंत ती दोन्ही घड्याळं माझ्याच हातात असायची. तिने कधी मागितलं नाही, मीच हात पुढे करायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आपल्यात दोघींचं बळ आहे असं वाटायचं.

हात मात्र कुरकुरायला लागला. आधी करंगळीत मुंग्या आल्या. मग मनगटापासून कोपरापर्यंत एक ओढ, कुणीतरी आतून दोरी खेचतंय अशी. घरी चहाचा कप हातातून सुटला. यांनी विचारलं, "हात आहे का चिंधी?" मी म्हटलं, "चिंधीच. सात दवाखान्यांची." एका आठवड्यात तीन कप गेले तेव्हा मी कारखान्याच्या नर्सकडे गेले.

नर्स माझ्याच वयाची, सरळ बाई होती. तिने बाही वर केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खालचा पट्टा जिथे होता तिथे लाल कडं, आणि वर चार बोटांवर दुसरं, जास्त खोल.

"हे वरचं कसलं?"

"बाही वर राहावी म्हणून रबर लावते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. "रबर लावू नका," ती म्हणाली. "शीर दबते. बोटं बधिर होतात, आणि मग दबलेलं कळतही नाही." मलमाची ट्यूब दिली आणि वहीत 'घामोळं' असं लिहिलं.

तिने सांगितलं ते खरंच होतं. पुढच्या महिन्यात दुखणं थांबलं. दुपारी दोन्ही पट्टे आवळले की कोपराखालचा हात माझा राहायचाच नाही. चिमटा काढला तरी कळायचं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

धाकटीचं मात्र बरं होईना. पायांवर सूज यायला लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी कारखान्यात डॉक्टर यायचा, त्याच्याकडे मी तिला ओढत नेलं. ती आत खुर्चीवर, मी दाराशी. त्या वेळी तिचं घड्याळ तिच्याच हातात होतं.

डॉक्टरने तिचं म्हणणं अर्धं ऐकलं, छातीला नळी लावली न लावली, आणि पडद्याकडे वळला. पडद्यावर तिचे नव्वद दिवस होते. हिरव्या रेघा, दिवसामागून दिवस.

"ठोके आत्ता जरा जलद आहेत," तो म्हणाला, "पण तुम्ही जिना चढून आलाय, घाबरलाय. मी एका मिनिटावर विश्वास ठेवू की नव्वद दिवसांवर? हे बघा. सकाळी जरा वरखाली दिसतंय, कुठे गाळलंय, कुठे उडी. पट्टा सैल असणार. पण दुपारी बघा! बारा ते तीन. एकसारखं, काम करतानाही. खणखणीत हृदय आहे बाई तुमचं. हेवा वाटावा असं."

बारा ते तीन म्हणजे माझं.

धाकटीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. एक वाक्य होतं. 'डॉक्टर, ते तिचं नाही, सकाळचं तिचं आहे.' तेवढंच. ते बोलले असते तर आम्ही दोघी त्याच दिवशी रस्त्यावर आलो असतो, आणि यांचं काम सुटून तेव्हा पाच महिने झाले होते. धाकटीने हळूच मान हलवली, नको. मी गप्प बसले. तिने नको म्हटलं म्हणून गप्प बसले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. तिने हो म्हटलं असतं तरी मी बोलले असते का, देव जाणे.

डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या. "आणि पट्टा घट्ट बांधत जा," असंही सांगितलं.

बाहेर आल्यावर धाकटी जिन्यात थांबली. दम खात-खात म्हणाली, "वहिनी, तुमचं हृदय खणखणीत आहे हं. हेवा वाटावा असं."

आणि आम्ही हसलो. दोघीही. कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या हसण्याची मला आज इतकी लाज वाटते की सांगता सोय नाही.

"दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. "बाहेरच्या. रविवारी."

"जाऊ की."

पहिल्या रविवारी तिच्याकडे पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी मला कणकण होती. तिसरा रविवार आलाच नाही.

तो गुरुवार होता. बारा दहाला तिने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी वर चढवलं, आवळलं.

"आज जरा जास्त वेळ पडू का?" ती म्हणाली. तिने आपणहून मागितलं ते तेवढंच एकदा.

"पड ना. मी आहे."

मी अभ्रे घेतले. झटक, दुमड, दाब, रचून ठेव. झटक, दुमड, दाब. त्या दिवशी ढीग मोठा होता आणि मला कामाची लय सापडली होती. एकच्या सुमारास शिट्टी आला. "दुसरी कुठंय?" मी म्हटलं, "मोरीत." त्याने हातातल्या छोट्या पडद्याकडे बघितलं. धाकटीचा ठिपका हिरवागार, हलता. "बरं," म्हणाला आणि शिट्टी वाजवत पुढे गेला. तो ठिपका लाल असता तर त्याने शोधलं असतं. चिडून का होईना, ट्रॉल्यांमागे गेला असता.

दोन वाजता मनात आलं, जाऊन बघावं. मग म्हटलं झोपली असेल, झोपू दे. आपल्याला कुणी झोपू दिलं असतं तर किती बरं वाटलं असतं. मी तिला तीन वाजेपर्यंत झोपू दिलं.

घंटा झाल्यावर चहा घेऊन मागे गेले. ती कुशीवर होती, एक हात गालाखाली. "ऊठ गं," म्हटलं. मग कप खाली ठेवून तिचा हात धरला. दवाखान्यांच्या चादरींच्या आयुष्यभर घड्या केल्या, पण त्यांवर कोण झोपलं आणि कसं, याचा कधी विचार केला नव्हता. तिचा हात आमच्या टेबलाच्या पत्र्याइतका गार होता.

मी ओरडले. नर्स धावत आली, छाती दाबत बसली, थांबेचना. शिट्टीने फोन करून दवाखान्याची गाडी मागवली. गाडी आली. मी तिच्याबरोबर बसले. माझ्या डाव्या हाताने मी तिचं डोकं धरलं होतं, म्हणजे हात तिथे होता एवढंच, मला तो कळत नव्हता. मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, आणि म्हणाली, "इथे आणायच्या आधीच गेल्यात. बराच वेळ झालाय."

भाऊजी, म्हणजे माझे दीर, चारच्या आत पोचले. विजेचे मीटर वाचण्याचं त्यांचं काम, तिथूनच आले, खांद्यावर पिशवी तशीच. त्यांनी कागदावर सही केली. तिला आत गार खोलीत नेलं. माझ्या हातात तिच्या वस्तूंची प्लास्टिकची पिशवी दिली. चपला, कानातलं, केसांचा चाप.

सहाला थोडा वेळ कमी असताना मी तोंड धुवायला मोरीत गेले. बाही वर केली. माझ्या हातावर दोन घड्याळं होती.

मला जाणवलंच नव्हतं. हात इतका बधिर होता की दुसरं घड्याळ आहे हे मी विसरूनच गेले होते. त्याच्या काचेवर आकडा लुकलुकत होता, एकशे तीसच्या पुढचा. मी ते ओरबाडून काढलं, पुसलं, आणि तिच्या पिशवीत, चपलांच्या खाली सरकवलं. पिशवी भाऊजींना दिली. पाचावर धारण बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं, आणि तेव्हासुद्धा मी तिचा नाही, स्वतःचा विचार केला.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी भाऊजींनी मला वर बोलावलं. खोलीत भांडी घासलेली नव्हती, पलंगावर कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी दाढी केली नव्हती आणि डोळे सुजलेले होते.

"बसा वहिनी. मला एक समजावून सांगा," ते म्हणाले. "मी कारखान्यातून हिच्या घड्याळाची नोंद मागून आणली. कारकुनाने न बघताच छापून दिली. म्हणाला, बघा, हृदय उत्तम होतं, आमच्यामुळे काही झालेलं नाही."

मी बसले नाही.

"मी मीटर वाचणारा माणूस आहे. माणसं खोटं बोलतात, मीटर बोलत नाही. हा तो गुरुवार." त्यांनी एक पान माझ्यासमोर धरलं. "ती डॉक्टरीण चारला दहा कमी असताना म्हणाली, गेली. मी चारला सही केली. आणि हे बघा. चार वाजता हिचं हृदय चालू आहे. एकशे अडतीस. सव्वाचार, एकशे एकेचाळीस. पाच वाजता, एकशे चौतीस. पाच बावन्नपर्यंत चालू आहे वहिनी! बावन्नला कुणीतरी घड्याळ काढलं."

"भाऊजी—"

"ऐका. ती जिवंत होती. मी सही केली आणि तिला त्या गार खोलीत ढकललं, आणि ती आत जिवंत होती. एकशे एकेचाळीस म्हणजे काय ते मी विचारून आलोय. माणूस भयंकर घाबरला की होतं. ती जागी झाली असेल. अंधारात. हाका मारल्या असतील. मी बाहेर बाकावर बसलो होतो, वहिनी, भिंतीच्या अलीकडे."

त्यांनी हे आठ दिवस रोज डोळ्यांपुढे बघितलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. मी काही बोलले नसते तर ते दवाखान्यात गेले असते, भांडले असते, आणि मरेपर्यंत त्या भिंतीच्या अलीकडे बसून राहिले असते. माझं काम टिकलं असतं. मी आयुष्यात बरीच गप्प बसले आहे. त्या दिवशी जमेना.

"ते तिचं नाही," मी म्हटलं. "ते माझं आहे."

मी बाही वर केली. दोन्ही खुणा दाखवल्या आणि सगळं सांगितलं. अभ्रे, ब्लँकेटं, ट्रॉल्या. गाडीत, बाकावर, मोरीत घड्याळ माझ्या हातावर होतं हे सांगितलं. "घाबरले होते ती मी. ती त्या खोलीत जागी झाली नाही, भाऊजी. ती आधीच गेली होती. तिने हाका मारल्या नाहीत."

त्यांचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरल्यावर येतात तसे. क्षणभर मला वाटलं, निदान एवढं तरी मी नीट केलं. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस चाललं होतं हे?"

"तीन-साडेतीन महिने."

"डॉक्टरने बघून खणखणीत म्हटलं ते?"

"तेही माझंच. मी दारात उभी होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि ती गाडी एकसारखी टीं टीं करत होती. ती थांबल्यावर ते म्हणाले, "मग तिचं कधी थांबलं?"

"मला माहीत नाही."

"एक वाजता? दोन वाजता?"

"माहीत नाही, भाऊजी. मी अभ्र्यांच्या घड्या करत होते."

त्यांनी गठ्ठा ओढून घेतला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. "सकाळची तिची?"

"सकाळची तिची. बारापर्यंत."

ते एकेक दिवस काढत गेले. सकाळचं पान एका बाजूला, दुपारचं दुसऱ्या. मी उभ्या-उभ्या बघत होते. तिची रेघ पहिल्या महिन्यापासूनच लंगडत होती. दोन ठोके जवळ, मग मोठी फट, मग धावपळ, मग परत फट. शेवटच्या आठवड्यात तर तिला रेघ म्हणवत नव्हतं. डॉक्टर लागत नव्हता, शाळेतल्या पोरीलाही कळलं असतं. गुरुवारच्या पानावर आठ ते बारा दहा एवढंच होतं. भाऊजींनी त्या पानावरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत नेलं आणि तिथेच थोडा वेळ ठेवलं.

मग तिची पानं त्यांनी छातीशी धरली आणि उरलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"हे तुमचं," ते म्हणाले. "घेऊन जा."